समोरच्याला कळता कामा नये

रविवारी सकाळी साडेसातला सिंगापुरात आमच्या बेडोकमधली माणसं चालायला जातात, बाजारात मासे निवडतात, नाहीतर खाली हॉकर सेंटरच्या खाण्याच्या गाळ्यांवर कोपी, म्हणजे इथली कॉफी, पीत बसतात. मी लॅपटॉप उघडून अमेरिकन फुटबॉल बघतो. एकटाच. वय चौपन्न, मूळचा पुण्याचा, पाया लेबारच्या एका ऑफिसात अकाउंट्स तपासायचं काम. अशा माणसाचा आणि हेल्मेटं घालून एकमेकांच्या अंगावर पडणाऱ्या त्या रेड्यांचा काय संबंध, असं कुणीही विचारेल. विचारलंही आहे. मी 'मुलीमुळे' एवढंच सांगतो आणि विषय बदलतो.

मुलगी अमेरिकेतल्या एका युनिव्हर्सिटीत संख्याशास्त्र शिकते. शेवटचं वर्ष आहे. तिथे कॉलेजच्या फुटबॉल टीमचं एवढं प्रस्थ असतं, की मॅचच्या दिवशी आख्खं गाव एकाच रंगाचे शर्ट घालून फिरतं. टीमच्या प्रशिक्षकांच्या हाताखाली काही विद्यार्थी काम करतात, त्यांतली ही एक. मॅचची फिल्म तुकड्या-तुकड्यांनी बघायची आणि टीम कुठल्या वेळी पळते, कुठल्या वेळी फेकते, ते शोधून काढायचं. हे ऐकून पुण्याचा माझा मेहुणा म्हणाला होता, 'एवढं शिकवून शेवटी चेंडू मोजायला बसवलंत होय पोरीला?' त्याच्याशी मी दिवाळीपर्यंत बोललो नाही.

पण खरं सांगायचं तर सुरुवातीला मलाही त्यातलं काही माहीत नव्हतं, आणि करून घ्यायचीही गरज वाटली नव्हती. तिची आई होती ना.

तिला जाऊन आता दीड वर्ष झालं. ती होती तोवर फोन तिचा होता. रविवारी आमच्याकडे संध्याकाळ आणि लेकीकडे सकाळ, अशा वेळी दोघी तास तास बोलायच्या. काय बोलायच्या देव जाणे. केस गळण्यापासून रूममेटच्या बॉयफ्रेंडपर्यंत सगळं चालायचं. मी आतल्या खोलीत असायचो. शेवटी शेवटी हाक यायची, 'अहो, घ्या, बोला जरा लेकीशी.' मग मी फोन घेऊन विचारायचो, 'बरी आहेस ना? अभ्यास काय म्हणतो? थंडी आहे का तिकडे?' तिसरं उत्तर आलं की लगेच, 'बरं, आईकडे देतो.' बाप म्हणून हजेरी लागली, संपलं काम.

बायको गेली आणि फोन माझ्याकडे आला. आता देणार कुणाकडे? तीन प्रश्न संपले की दोघंही गप्प. इकडे पंख्याचा आवाज, तिकडे कुणीतरी दार आपटल्याचा. 'बरं मग,' मी म्हणायचो. 'बरं मग,' ती म्हणायची. असे कितीतरी रविवार गेले. मला धास्ती बसली, की एखाद्या रविवारी ही फोन करणारच नाही. आणि का केला नाहीस, असं विचारायला तरी माझ्याकडे कुठे तोंड होतं! ही पोर सोडली तर मला जगात दुसरं आहे कोण? आणि तिच्याशी पाच मिनिटं बोलायला माझ्याकडे शब्द नव्हते.

म्हणून एकदा घसा खाकरून विचारलं, 'तुमच्या त्या टीमचं नक्की काय असतं गं?'

तिला वाटलं मी थट्टा करतोय. मग सांगायला लागली. 'सिंपल आहे बाबा. चार चान्स. तेवढ्यात दहा यार्ड पुढे जायचं. गेलास तर परत चार चान्स मिळतात. नाही गेलास तर बॉल समोरच्यांना.'

'आणि पुढे जायचं कसं?'

'एक तर बॉल पोटाशी धरून पळायचं. नाहीतर लांब फेकायचा आणि आपल्या माणसाने झेलायचा. रन ऑर पास. दॅट्स ऑल लाह.' वाढली सिंगापुरात, इथला हा लाह अमेरिकेतही तिच्या वाक्यांच्या शेपटीला असतो.

दॅट्स ऑल कसलं! पहिल्या मॅचला मला बॉल कुठे आहे हेच दिसेना. शिट्टी, माणसांचा ढीग, जाहिरात. पुन्हा शिट्टी, ढीग, जाहिरात. पण मी चिवट माणूस. बघत राहिलो. हळूहळू मला ते पळणारे गडी आवडायला लागले. बॉल पोटाशी घट्ट, मान खाली, गर्दीत घुसायचं आणि दोन-तीन यार्ड कमावून आणायचे. अंगावर चौघं पडले तरी बॉल सोडायचा नाही. याला म्हणतात काम. फेकाफेकी मला पटेना. हवेत सोडलेल्या वस्तूचा काय भरवसा?

तिचं नेमकं उलट. 'बाबा, नुसतं पळून नाही होत. ऑफेन्सला, म्हणजे बॉल आपल्याकडे असताना, बॅलन्स पाहिजे.'

बॅलन्स म्हटल्यावर मी सरसावलो. हा तर माझा प्रांत! पुढच्या मॅचला मी नीट लक्ष ठेवून बसलो आणि संध्याकाळी तिला ठणकावून सांगितलं, तुमचं पळणं फार होतंय, फेकणं कमी पडतंय, दोन्ही बाजू सारख्या करा. ती हसायलाच लागली. नाकातून हसते ती, आईसारखी. बऱ्याच दिवसांनी ऐकलं ते हसणं.

'यू आर सच अन अकाउंटंट, बाबा! अर्धं-अर्धं म्हणजे बॅलन्स नाही. समोरच्याला कळता कामा नये, तो बॅलन्स. त्याला वाटलं पाहिजे की हे पळू पण शकतात आणि फेकू पण शकतात. पळणार म्हणून तो पुढे धावला, तर त्याच्या डोक्यावरून फेकायचा. फेकणार म्हणून मागे थांबला, तर मधून पळायचं.'

'म्हणजे फसवाफसवी.'

'म्हणजे बॅलन्स.'

तेव्हापासून आमचे रविवार भरायला लागले. मी पळण्याच्या बाजूने, ती फेकण्याच्या. भांडायचो अगदी कडाकडा. 'त्या हेडकोचला काय कळतं?' असं मी म्हटलं की ती चिडायची. आठवडाभर एमआरटीच्या डब्यात उभ्या उभ्या मी मनात मुद्दे जुळवायचो, हे असं बोलीन, ते तसं बोलीन. आता या वयात काय काय करावं लागतं माणसाला!

फोन ठेवला की मात्र घर होतं तसं व्हायचं. एका माणसाची आमटी करणं ही शिक्षा आहे. डाळ कितीही कमी घ्या, उरतेच. सोमवारी तीच डब्यात, मंगळवारी रात्री तीच पुन्हा गरम करायची. ती गरम करताना मला कधीकधी रडू येतं. येतं तर येतं, बघायला कोण आहे.

गेल्या मोसमातला असाच एक रविवार. त्यांची टीम ओळीने हरत होती आणि ती वैतागली होती. 'सगळ्यांना माहीत झालंय, पहिल्या चान्सला आम्ही पळणार. मी आकडे काढून दाखवले तरी ऐकत नाहीत. यू नो बाबा, आमची टीम तुझ्यासारखी आहे.'

'माझ्यासारखी म्हणजे?'

'बरी आहेस ना, अभ्यास काय म्हणतो, थंडी आहे का. तीन वेळा रन. मग पंट टू आई.'

पंट म्हणजे काय, तर आपल्याला काही जमत नाही असं दिसलं की बॉलला लाथ मारून तो समोरच्यांकडे देऊन टाकायचा आणि आपण बाकावर जाऊन बसायचं. मी हसलो. चांगला मोठ्याने हसलो. फोन ठेवल्यावर मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना. जेवण गेलं नाही त्या रात्री.

आणि मग या सप्टेंबरात ती म्हणाली, 'बाबा, एक विचारायचंय.' मे महिन्यात तिची डिग्री होणार. टीमने तिला ठेवून घ्यायचं म्हटलं होतं, कायमच्या नोकरीवर. आणि इकडे सिंगापुरातल्या एका बँकेनेही तिला घेतलं होतं. दोघांना शुक्रवारपर्यंत उत्तर हवं होतं. 'तुला काय वाटतं?' तिने विचारलं.

मला काय वाटत होतं, ते सांगतो. मला वाटत होतं, ये. बँकेचं ऑफिस पाया लेबारला असो नाहीतर आणखी कुठे, बेडोकहून कितीसं लांब आहे! तुझी खोली दर शनिवारी पुसून ठेवतो मी. आई गेली तेव्हा आलीस, दिवसवार झाले आणि गेलीस, त्यानंतर फिरकली नाहीस. ये गं बाई. पण तोंडातून काय आलं? 'तुला योग्य वाटेल ते कर. माझा विचार करू नकोस.'

आमच्याकडे असंच बोलायचं असतं. मी सिंगापूरला निघालो तेव्हा वडील मला हेच म्हणाले होते आणि आत जाऊन कपाट आवरत बसले होते. मुलांच्या वाटेत आडवं पडायचं नाही. माया असेल ती पोटात ठेवायची, ओठांवर येऊ द्यायची नाही. असं वागलं की चार लोक म्हणतात, काय मोठ्या मनाचा बाप!

पलीकडून ती म्हणाली, 'ओके.' नुसतं ओके, शेवटी लाहसुद्धा नाही.

त्याच्या पुढच्या रविवारी अविधवा नवमी होती. नवऱ्याआधी गेलेल्या बाईचं श्राद्ध पितृपक्षात त्या दिवशी करतात आणि एका सवाष्णीला जेवायला घालतात. गेल्याच्या पहिल्या वर्षी पितृपक्ष करत नाहीत, त्यामुळे माझी ही पहिलीच वेळ. पलीकडच्या ब्लॉकमध्ये बायकोची एक मैत्रीण राहते, माझ्या मित्राची बायको, मी तिला वहिनी म्हणतो. तिलाच सांगितलं होतं. ती दुपारी जेवायला यायची, तर साडेनऊलाच पदर खोचून हजर झाली. म्हणाली, 'तुमच्या हातचे वडे खाऊन माझीच नवमी व्हायची, भावजी. सरका.'

मी सरकलो. ओट्याच्या कडेला लॅपटॉपवर मॅच चालूच होती. वडे थापता थापता तिचं लक्ष गेलं. 'हे काय हो? ही धक्काबुक्की बघता होय तुम्ही?'

'यात डोकं लागतं,' मी म्हणालो. 'हे निळे आपले. पहिल्या चान्सला आपण पळतो, हे समोरच्यांना पाठ झालंय. बघा कसे सगळे पुढे येऊन दाटीवाटीने उभे राहिलेत.'

'मग यांना कळत नाही का?'

'आपली पोरगी रोज सांगते त्यांना.'

बोलता बोलता चाल सुरू झाली. चाल सुरू करणाऱ्या गड्याने बॉल पळणाऱ्याच्या पोटात खुपसल्यासारखं केलं आणि समोरचे सगळे त्या पळणाऱ्यावर तुटून पडले. बॉल दिलाच नव्हता! याने दोन पावलं मागे येऊन तो असा लांब फेकला म्हणता! तिकडे आपला एक गडी एकटा, मोकळा, आसपास कुणी नाही. बॉल त्याच्या दोन्ही हातांत आला आणि सुटून पडला.

'अरे गाढवा!' मी ओरडलो. हातातली खिरीची वाटी हिंदकळली.

'गेलं वाया,' वहिनी म्हणाली आणि वडा तेलात सोडला.

मॅच आपली टीम हरलीच, पण थोडक्यात. मी लॅपटॉप बंद करून पान वाढलं. काकबळीची पंचाईत. सिंगापुरात पक्ष्यांना खायला घातलं तर दंड होतो, म्हणून मी खिडकीच्या आतल्या बाजूला गुपचूप एक वडा आणि भात ठेवला होता. कावळा समोरच्या छपरावर नुसता बसून राहिला. शेवटी एक मैना आली आणि भात उचलून गेली. 'चालेल,' वहिनी म्हणाली. 'तिला घाई असायचीच, मैना होऊन आली असेल.' मी वहिनीची ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. ओटी बाईने भरायची असते, पण घरात बाई कुठून आणू, मीच भरली.

जेवताना तिने विचारलंच. 'मुलगी कधी येतेय कायमची?'

मी नोकरीचं सगळं सांगितलं. आणि थोड्या अभिमानानेच सांगितलं, की तुला योग्य वाटेल ते कर म्हटलंय मी तिला.

वहिनीने घास खाली ठेवला. 'भावजी, तिने परवानगी मागितली होती का?'

'नाही. काय वाटतं म्हणून विचारलं.'

'मग तुम्ही परवानगी कशाला दिलीत? काय वाटतं ते का नाही सांगितलंत?'

'असं सांगायचं नसतं. पोरं बांधून पडतात.'

'रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही,' ती म्हणाली. 'तिला काय स्वप्न पडणार आहे का?'

मला राग आला. श्राद्धाच्या पानावर बसून यजमानाला शिकवायचं म्हणजे काय! तिला लिफ्टपर्यंत सोडून आलो तोवर चिडलेलाच होतो. मग दुपारभर पडून राहिलो, झोप काही लागली नाही.

संध्याकाळी आठला फोन आला. लेक भलतीच खुशीत. 'बघितलास का तो पास? माझा होता! मी त्यांना सांगितला होता, पहिल्या चान्सलाच टाका म्हणून!'

'बघितला. पडला की तो.'

'पडला तर पडला! नंतर बघितलंस का? त्यांचे मागचे दोघं परत पुढे आलेच नाहीत. घाबरले. मग आपलं पळणं किती सुटलं बघ. पास पडला तरी चालतं बाबा, पण टाकायला लागतो. नाहीतर त्यांना कसं कळणार, की आपण टाकू पण शकतो?'

मी हं म्हणालो. मग विचारलं, 'नोकरीचं काय केलंस?'

तिचा आवाज खाली आला. 'शुक्रवारी कळवलं. टीमकडेच राहतेय. इथेच.'

'बरं झालं' हे शब्द अगदी दातांपर्यंत आले होते. मी ते गिळले. इतके जड गेले म्हणता! 'मला वाटत होतं, तू इकडे यावंस,' मी म्हणालो.

'व्हॉट?'

'घरी यावंस असं वाटत होतं. मला एकट्याला करमत नाही गं.'

ती जी भडकली! 'आत्ता सांगतोयस? मागच्या रविवारी मी विचारलं होतं तुला! तू म्हणालास, माझा विचार करू नको. मला वाटलं, मी असले काय आणि नसले काय, तुला सेमच आहे.'

'सेम? अक्कल आहे का तुला? सेम कसं असेल?'

'मला कसं कळणार? तू कधी काही बोलतोस? आई गेली तेव्हा पण बोलला नाहीस. सगळ्यांना चहा हवा का विचारत फिरत होतास!'

'मग काय करायला हवं होतं मी? छाती पिटायची होती?'

'हो!' ती ओरडली. 'हो, पिटायची होतीस!'

मीही ओरडलो. काय ओरडलो ते आता नीट आठवत नाही. तू आलीस, तीन आठवड्यांत गेलीस, मागे वळून पाहिलं नाहीस, मी इथे मेलो का जिवंत आहे, असलं काहीतरी. शेजारच्या चिनी आजींनी टीव्हीचा आवाज कमी केला, तेवढं ऐकू आलं. जन्मात कधी मी पोरीवर असा ओरडलो नव्हतो. ती रडायला लागली. मग मीही लागलो. दीड वर्षात आम्ही दोघं तिच्या आईसाठी एकत्र रडलोच नव्हतो, हे तेव्हा लक्षात आलं.

जरा वेळाने मी नाक पुसलं आणि विचारलं, 'अजून बदलता येईल का गं? त्या बँकेला सांगून बघितलंस तर?' हे असं मागणं मला येत नाही. पण मागितलं.

'येईल कदाचित,' ती म्हणाली. 'पण मी नाही येणार, बाबा. तू आधी सांगितलं असतंस तरी बहुतेक नसतेच आले.'

'टीमसाठी?'

'टीमसाठी नाही. मी तिकिटं बघते. कितीदा बघितली. डेट टाकते, पैसे भरायच्या आधी बंद करते. बेल वाजवल्यावर दार आई उघडणार नाही, ते डोळ्यांसमोर येतं.' तिचा आवाज पुन्हा फुटला. 'आई नाही त्या घरात मला नाही राहता येणार, बाबा. खरंच नाही येणार.'

स्वयंपाकघरात वहिनीने घासून पालथी घातलेली भांडी तशीच होती. हळदीकुंकवाचं तबक टेबलावर होतं. आत लेकीच्या खोलीचं दार उघडं होतं, कालच पुसली होती.

'मला तरी कुठे येतंय राहता,' मी म्हणालो.